निकालाच्या मापाने गुरुजी

हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे वेसवी दिसतं. मधे सावित्री नदीचं मुख, म्हणजेच बाणकोटची खाडी. फेरीबोटीत बसलं की थोड्याच वेळात माणूस रायगड जिल्ह्यातून रत्नागिरी जिल्ह्यात पोचतो. दोन्ही काठांवर नारळी-पोफळी सारखीच, कोळीवाडे सारखेच, आणि मुंबईला कामाला गेलेल्यांची कुलपं लावलेली घरंही सारखीच. दहावीच्या परीक्षेच्या हिशेबात मात्र ही खाडी म्हणजे हद्द आहे. अलीकडचा श्रीवर्धन तालुका मुंबई विभागीय मंडळात मोडतो, पलीकडचा मंडणगड कोकण विभागीय मंडळात. २०२४ साली मुंबई विभागाचा निकाल ९५.८३ टक्के लागला, कोकण विभागाचा ९९.०१ टक्के. कोकण मंडळ वेगळं झाल्यापासून जवळपास दर निकालाला 'कोकणाची बाजी' ही बातमी ठरलेली असते.

आता वेसवीचे गुरुजी बागमांडल्याच्या गुरुजींपेक्षा तीन टक्क्यांनी सरस आहेत का? असं कोणीच म्हणणार नाही. कोकण मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे, परीक्षेला बसणारी मुलं पंचवीस-तीस हजारांच्या घरात. मुंबई मंडळात मुंबई, ठाणे, पालघर, रायगड. मुलं तीन लाखांच्या वर, आणि त्यांत दादरच्या नावाजलेल्या शाळेपासून जव्हारच्या आश्रमशाळेपर्यंत सगळं आलं. म्हणजे विभागाच्या आकड्यावरून शिक्षक जोखू नयेत, हे चटकन पटतं. पण तोच आकडा एका शाळेचा, एका वर्गाचा झाला की आपली भाषा पालटते. 'बाईंचा निकाल शंभर टक्के', 'सरांचा गणिताचा निकाल पडला'. परीक्षा मुलांनी दिली, निकाल सरांचा झाला.

या बोलण्याला २०१७ साली सरकारी कागदावर जागा मिळाली. महाराष्ट्रात शिक्षकाला बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी मिळण्याची सोय आहे. शिक्षकांच्या बोलण्यात पहिलीचं नाव अजून 'चटोपाध्याय' असंच आहे, कारण तिचं मूळ १९८३ साली शिक्षकांच्या प्रश्नांवर नेमलेल्या चट्टोपाध्याय आयोगात सापडतं. राज्याने ती १९८९ च्या शासन निर्णयाने लागू केली. बारा वर्षं नोकरी, ठरलेलं प्रशिक्षण आणि बरा गोपनीय अहवाल, एवढ्यावर ती मिळायची. २३ ऑक्टोबर २०१७ च्या निर्णयाने तिला नव्या अटी चिकटल्या. प्राथमिकच्या शिक्षकाची शाळा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात प्रगत ठरलेली हवी, 'शाळासिद्धी' या शाळांच्या मूल्यमापनात तिला 'अ' श्रेणी हवी. आणि नववी-दहावीला शिकवणाऱ्यांच्या वर्गाचा निकाल ८० टक्क्यांहून अधिक हवा.

शिक्षक संघटना खवळल्या. त्यांच्या विरोधात स्वार्थ नव्हता असं नाही. पगाराचा प्रश्न होता, स्वार्थ असणारच. पण विरोध स्वार्थापोटी आहे म्हणून तो चुकीचा ठरत नाही. अट किती शहाणी होती हे पाहायला पुढच्या चार वर्षांचे दहावीचे राज्याचे निकाल एका ओळीत मांडले की पुरे. २०१८ : ८९.४१ टक्के. २०१९ : ७७.१०. २०२० : ९५.३०. २०२१ : ९९.९५.

२०१९ मध्ये महाराष्ट्रातले शिक्षक एकाएकी आळशी झाले आणि पुढच्या वर्षी सुधारले, असं मानायला कोणी तयार होईल का? घडलं होतं ते इतकंच की त्या वर्षी भाषा विषयांचे शाळेनेच द्यायचे २० अंतर्गत गुण काढून टाकले गेले आणि लेखी परीक्षा पूर्ण १०० गुणांची झाली. अभ्यासक्रमही नवा होता. ओरड झाली, पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. शिवाय करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले. निकाल अठरा टक्क्यांनी उसळला. ८० टक्क्यांची रेघ धरली तर २०१९ साली राज्याचा एकूण निकालच नापास, राज्यात सर्वांत पुढे असणारं कोकण मंडळसुद्धा ८८ टक्क्यांवर उतरलेलं. शिक्षक तेच, मुलं त्याच गावातली, फक्त प्रश्नपत्रिकेचा साचा बदलला. एखाद्याची बारा वर्षांची श्रेणी नेमकी त्या जूनमध्ये पदरात पडायची असती तर?

२०२१ ची गोष्ट तर आणखी बोलकी, आणि ती रायगडच्या किनाऱ्यावरूनच पाहायला हवी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांत घरांची छपरं गेली, तशी शाळांचीही गेली. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले. त्यात टाळेबंदी, आणि शिक्षण मोबाइलवर. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, पुष्कळ घरांत मोबाइल एकच आणि तोही वडिलांच्या खिशात. या किनाऱ्यावरच्या मुलांचं शिक्षण सर्वांत जास्त बुडालं असेल तर त्या वर्षात. आणि त्याच वर्षीच्या दहावीला इतिहासातला सर्वांत उंच निकाल लागला. कारण परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालावरून ५० गुण, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३०, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असा हिशेब होऊन गुण शाळांनीच भरले. मुलांना त्या संकटात नापास करावं असं कोणीही म्हणणार नाही. गुरुजींनी योग्य तेच केलं. पण शिकणं तळाला आणि निकाल शिखरावर, हे एकाच वर्षी घडू शकतं ही नोंद आपल्याजवळ हवी.

निकाल म्हणजे काय काय एकत्र झालेलं असतं? मुलाची कुवत आणि मेहनत, आईवडिलांचं शिक्षण, घरची बोली आणि पुस्तकी मराठी यांतलं अंतर, शिकवणीला जायची ऐपत, आधीच्या नऊ वर्षांतले सगळे शिक्षक, पेपर कुणी काढला, कुणी तपासला, परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षण किती कडक होतं, आणि या सगळ्यात या वर्षीच्या शिक्षकाचा वाटा. बर्फासकट मासळी तोलायची आणि सगळं वजन जाळ्याच्या खात्यावर मांडायचं, असा हा प्रकार. शिक्षकाचा वाटा वेगळा काढण्याचा सर्वांत मोठा उद्योग अमेरिकेत झाला. टेनेसी राज्याने १९९२ पासून, विल्यम सँडर्स या संख्याशास्त्रज्ञाच्या पद्धतीने, प्रत्येक मुलाच्या मागच्या वर्षांच्या गुणांवरून त्याची अपेक्षित मजल काढायची आणि प्रत्यक्ष मजल तिच्या वर गेली तर तेवढी भर शिक्षकाची, असं मोजायला सुरुवात केली. पुढे अनेक राज्यांनी त्यावर बढत्या, बोनस आणि नोकऱ्याही टांगल्या. २०१४ साली अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने या मोजणीविषयी निवेदन काढलं. बहुतेक अभ्यासांत मुलांच्या गुणांतल्या फरकापैकी शिक्षकाच्या वाट्याला १ ते १४ टक्के येतात, असं त्यात म्हटलं होतं. शिक्षकाचं मोल नाही असा याचा अर्थ नव्हे. एका वर्षाच्या गुणांत ते मोल वेगळं दिसणं फार अवघड आहे, एवढाच अर्थ.

किनाऱ्यावरच्या शाळांत त्यात आणखी एक भर पडते, ती पटसंख्येची. घरं मुंबईकडे, पनवेलकडे सरकत आहेत, आणि उरलेल्या मुलांना इंग्रजी माध्यमाची पिवळी बस नेते. अशा वेळी एका वर्गात डझनभर मुलं असणं नवलाचं राहिलेलं नाही. आता थोडा हिशेब करू. एक चांगल्या बाई आहेत. त्यांनी शिकवलेलं कोणतंही मूल दहावी पास होण्याची शक्यता ९० टक्के आहे. त्यांचा वर्ग साठ मुलांचा असेल तर निकाल ८० टक्क्यांच्या वर न जाण्याची वेळ शंभर वर्षांत एखाद-दोनदा येईल. तोच वर्ग बारा मुलांचा असेल तर दोन मुलं नापास झाल्यावर निकाल ८३ टक्के, तिसरं झालं की ७५. ही वेळ साधारण दर नऊ वर्षांत एकदा येईल. बाई त्याच, शिकवणं तेच.

उलट बाजूही पाहा. बारा मुलांच्या वर्गाचा निकाल निव्वळ या शक्यतेनेच दर तीन-चार वर्षांत एकदा शंभर टक्के लागेल. साठांच्या वर्गाला त्याच बाईंच्या हाताखाली तेवढ्यासाठी साडेपाचशे वर्षं थांबावं लागेल. लहान शाळा यादीच्या वरच्या टोकालाही जास्त दिसतात आणि खालच्या टोकालाही, त्यामागचं मोठं कारण हे आहे. 'सलग तिसऱ्या वर्षी शंभर टक्के' असा फलक पाहिला की आधी पट विचारावा, मग टाळी वाजवावी. हे गणित शिक्षण विभागात कुणाला येत नसेल असं नाही. पण शासन निर्णय लिहिताना ते आठवलेलं दिसत नाही.

आणि मग पळवाटा. दहावीचा निकाल उंच ठेवायचा असेल तर दहावीत कच्ची मुलं येऊच द्यायची नाहीत, हा जुना उपाय. नववीत अडकवायचं, नाहीतर 'सतरा नंबरचा फॉर्म भर' म्हणून बाहेरून बसायला सांगायचं. शाळेचा फलक स्वच्छ, आणि मूल कुणाच्याच खात्यावर नाही. २०१७ च्या अटीत नववीही होती, म्हणजे ही वाट अडवली गेली असं वरवर वाटेल. पण नववीचे पेपर शाळाच काढते, शाळाच तपासते. ज्याच्या श्रेणीचा निर्णय व्हायचा त्याच्याच हातात तराजू. अमेरिकेत अटलांटा शहरात याचं टोक गाठलं गेलं : २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांतले १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक मुलांच्या उत्तरपत्रिकांत फेरफार केल्याच्या प्रकरणात आढळले, आणि काहींना पुढे शिक्षाही झाल्या. ती सगळी माणसं मुळात बदमाश होती असं मानणं सोपं, पण त्याने काही उलगडत नाही.

हे सगळं नवं आहे असाही समज नको. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये 'निकालाप्रमाणे पैसे' ही पद्धत आली. तपासनीस वर्षातून एकदा यायचा, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणितात परीक्षा घ्यायचा. ठरलेल्या हजेरीच्या मुलामागे आठ शिलिंग. एका विषयात मूल चुकलं की त्यातला तिसरा हिस्सा कापला. मग वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून घेणं आलं, तीन विषयांपलीकडचं सगळं गळणं आलं. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा तपासनीस होते, आणि या पद्धतीचे कडवे टीकाकार. मुंबई इलाख्यात सर अलेक्झांडर ग्रँट शिक्षण संचालक असताना अनुदानित शाळांसाठी हीच पद्धत उचलली गेली आणि इथे चांगली रुजली. सरकारी मराठी शाळा तिच्या कक्षेत नव्हत्या. त्या शेतसाऱ्यावरच्या लोकल फंडाच्या करातून चालायच्या. तिथल्या मास्तरांवर डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वार्षिक तपासणीची टांगती तलवार असायची. पुढे व्हाइसरॉय कर्झनच्या काळात, १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने, निकालाप्रमाणे अनुदान देण्याची ही पद्धत निकालात निघाली.

या जुन्या प्रकरणातला सर्वांत विचार करायला लावणारा कागद जोतीराव फुल्यांचा आहे. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. मास्तरांचा पगार फार थोडा, दहा रुपयांच्या वर क्वचितच जाणारा, डेप्युटी वर्षातून एकदा येतो त्याचा उपयोग नाही, तपासणी तीन-तीन महिन्यांनी आणि न कळवता व्हावी, अशी त्यांची तक्रार होती. आणि त्यांनी हेही सुचवलं की जे मास्तर बरीच मुलं पास करतील त्यांना पगाराखेरीज खास भत्ता द्यावा.

म्हणजे निकाल आणि शिक्षकाचा पैसा यांची सांगड घालायची मागणी खुद्द फुल्यांनी केली होती. मला हे टाळून पुढे जायचं नाही, कारण तिथेच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. मास्तर बहुतांशी ब्राह्मण, आणि शूद्रातिशूद्रांची मुलं शिकली काय न शिकली काय, त्याचं त्यांना सोयरसुतक नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. 'मुलांना घरूनच काही नाही, आम्ही काय करणार' हे वाक्य तेव्हाही होतं, आजही शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतं. निकाल अजिबात पाहूच नका असं म्हटलं की या वाक्याला मोकळं रान मिळतं, आणि ते सर्वांत जास्त भोवतं गरिबाच्या मुलाला. त्याला शिकवणी नाही. शाळेत जे होईल तेवढंच त्याचं.

पण फुल्यांच्या मागणीतला क्रम नीट पाहिला पाहिजे. त्यांनी आधी मास्तराचा पगार किमान बारा रुपये करा म्हटलं, प्रशिक्षित मास्तर नेमा म्हटलं, तपासणी वाढवा म्हटलं. आणि मग, वर, भत्ता. सेवेने मिळवलेलं अडकवून ठेवा असं ते म्हणत नव्हते. २०१७ च्या निर्णयाने केलं ते नेमकं उलटं. बारा वर्षांनी जी श्रेणी मिळणारच होती ती निकालाच्या खुंटीला टांगली. वरकड देणं आणि हक्काचं रोखणं, यांनी माणूस वेगवेगळा वागतो. पहिल्याने तो प्रयत्न करून पाहतो, दुसऱ्याने आकडा जुळवतो.

भत्त्याचा रस्ता आपल्याकडे तपासूनही झाला आहे. २००५ पासून आंध्र प्रदेशाच्या ग्रामीण भागात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी प्राथमिक शाळांत प्रयोग केला. शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडल्या. काहींना बोनस, काहींना नाही. बोनस पास-नापासावर नव्हता. वर्षाच्या सुरुवातीला मूल कुठे होतं आणि शेवटी कुठे पोचलं, यातल्या सरासरी वाढीवर तो होता, पाच टक्क्यांच्या पुढच्या दर टक्क्याला ५०० रुपये. परीक्षा शाळेने घ्यायची नाही, बाहेरच्यांनी घ्यायची. कच्चं मूल परीक्षेच्या दिवशी घरी बसवून फायदा होऊ नये अशीही तजवीज होती. बोनसची रक्कम सरासरीने वर्षाच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे काही फार नव्हे. दोन वर्षांनी बोनसच्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत स्पष्ट पुढे होती. ज्या विषयांवर बोनस नव्हता त्या विज्ञान आणि समाजशास्त्रातही पुढे होती. गंमत म्हणजे शिक्षकांची गैरहजेरी घटली नाही. शाळेत असतानाचं काम वाढलं : जादा तास, जादा गृहपाठ, सराव. केनियात याच्याआधी झालेल्या अशाच प्रयोगात मात्र परीक्षेपुरते गुण वाढले आणि ओसरले. तेव्हा आंध्रचा निष्कर्ष सरसकट कुठेही चिकटवावा असं नाही. पण सुरुवात कुठून ते मोजा, मोजणारा बाहेरचा ठेवा, कुणाला गाळू देऊ नका, या तीन गोष्टींशिवाय निकालावरून शिक्षक जोखायला जाऊ नये, इतकं त्यातून निश्चित निघतं. आपल्या ८० टक्क्यांच्या अटीत पहिली आणि तिसरी नव्हतीच, दुसरी होती ती फक्त दहावीच्या लेखी परीक्षेपुरती.

ती अट २०१९ साली मागे घेतली गेली. मग काय उरलं? प्रशिक्षण. २०२२ मध्ये वरिष्ठ आणि निवडश्रेणीसाठी ऑनलाइन प्रशिक्षण सुरू झालं; शिक्षकाने २००० रुपये शुल्क भरायचं, चित्रफिती पाहायच्या, स्वाध्याय भरायचे, प्रमाणपत्र घ्यायचं. लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला. आधी मुलाचा टक्का हेच सगळं होतं. आता गुरुजींची श्रेणी ठरताना मूल कागदावर कुठेच नाही.

या दोहोंमधलं काही करायचं असेल तर कातकऱ्याच्या मुलापासून सुरुवात करून पाहावी. अलिबाग, रोहा, पेण या तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशी कातकरी वाड्या आहेत. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. चौथीतला एखादा मुलगा ऑक्टोबरात जोडाक्षरं वाचायला लागलेला असतो आणि जूनमध्ये परत आल्यावर अक्षरं चाचपडत असतो. हे थांबवायला गुरुजी काय करतात? वाडीवर जाऊन आजीला समजावतात, मुलाला मागे ठेवून घेतात, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव करतात, नाहीच जमलं तर शिक्षण हमी कार्ड देऊन भट्टीजवळच्या शाळेला फोन करतात. हे गुरुजी आणि पटावर नाव राखून मोकळे होणारे गुरुजी यांच्यातला फरक दहावीच्या टक्क्यात दिसणार नाही. हा मुलगा दहावीपर्यंत पोचेल की नाही हेच मुळात चौथीत ठरतं. गुरुजींमधला तो फरक दिसेल तर वाचनाच्या नोंदीत : जूनला कुठे, दिवाळीला कुठे, मार्चला कुठे, आणि मार्चला तो वर्गात होता का.

अशा नोंदी आज शाळांत होतात. चाचण्यांची तर रेलचेल आहे. पायाभूत, संकलित, आता नियतकालिक. त्यांचे गुण गुरुजीच भरतात आणि ते वर जातात. उणीव आहे ती बाहेरून येऊन दहा मुलांशी बोलणाऱ्याची. केंद्रप्रमुख हे पद त्यासाठीच होतं. त्याच्याकडे दहा-बारा शाळा, मोटारसायकलवर जाता येतील अशा. पण ही पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात आणि जो असतो तो माहिती गोळा करण्यात बुडालेला. न कळवता, वर्षातून चार वेळा शाळेत जाणारा, मुलाला जवळ बसवून परिच्छेद वाचून घेणारा माणूस फुल्यांनी मागितला होता. तो मिळाला तर तीन वर्षांच्या नोंदी एकत्र ठेवून, एकट्या शिक्षकाच्या नव्हे तर अख्ख्या शाळेच्या, काही बोलता येईल. आणि पहिलं बोलणं पगाराचं नको. ज्या शाळेत मुलं तीन वर्षं जागच्या जागी आहेत तिथे काय कमी आहे, दुसरा शिक्षक की पुस्तकं की मुलांची बोली समजणारं कुणी, हे आधी विचारावं. कातकरी वाडीच्या दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक वर्षभर मतदार याद्यांच्या कामाला जोडलेला असेल, तर त्या वर्षीचा निकाल तहसील कचेरीच्या खात्यावरही थोडा मांडायला हरकत नाही.